मुतखड्याचे पेढे

मुलाला मुतखडा झाला म्हणून कुणी पेढे वाटल्याचं न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वीणा पोतनीसने ते वाटले. ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानातून दोन पौंडांचा खोका घेतला आणि रस्त्याच्या एका टोकापासून सुरुवात केली. साडीवाला, बांगड्यावाला, ट्रॅव्हल एजंट, भुवया कोरणाऱ्या मुली, कुणाला सोडलं नाही. मिठाईवाल्या संजयभाईने खोक्याला दोरी बांधता बांधता विचारलं होतं, "क्या हुआ आंटी, बेटे की शादी पक्की?"

"पथरी हुई," वीणा म्हणाली. "बेटे को."

संजयभाईच्या हातातली दोरी तशीच राहिली. "पथरी? वो किडनीवाली?"

"हां. चार मिलिमीटर!"

सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की त्याने पुढे काही विचारलं नाही. गाठ मारण्याआधी खोक्यात वरून आणखी दोन पेढे तेवढे टाकले.

ही गोष्ट २००८च्या सप्टेंबरातली. गणपती बसल्याला सातवा दिवस होता, मंगळवार. पण त्या पेढ्यांची गोडी कळायची तर वीणा कोण हे आधी सांगायला हवं.

वीणा नागपूरची, धरमपेठेतली. बी.कॉम. झाल्यावर लग्न जमेपर्यंत पोरीने रिकामं बसू नये म्हणून आईने तिला बर्डीवरच्या शिवणक्लासात घातलं. तिथे तिचा हात असा बसला की बाईंनी तिला सहा महिन्यांत दुसऱ्या मुलींनी कापलेले मुंढे, म्हणजे बाही बसते त्या खाचा, तपासायला बसवलं. पुढे लग्न झालं, अवधूत कॉम्प्युटरमधला, एकोणनव्वद साली दोघं तीन वर्षांच्या केदारला घेऊन न्यू जर्सीत आली. व्हिसा असा की वीणाला नोकरी करायची परवानगी नाही. बारा वर्षं तिने घर सांभाळलं, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांचे कपडे फुकट शिवले आणि "काय करतेस गं सध्या?" या प्रश्नाला "काही नाही, घरीच," असं उत्तर दिलं.

दोन हजार एकच्या शेवटी अवधूतची नोकरी गेली. तेव्हा बऱ्याच जणांची गेली. आता ग्रीनकार्ड हातात होतं. अवधूत पायजम्यावर कॉम्प्युटरपुढे बसून अर्ज करत राहिला आणि वीणाने किराणा दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला, 'ब्लाऊज शिवून मिळतील'. मंडळातल्या उत्तराने तो कागद वाचून लगेच फोन केला होता. "अगं, इतकी काय वेळ आलीय?" पुढच्या दिवाळीला तीच उत्तरा सहा ब्लाऊजपीस घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरून आली आणि म्हणाली, "तिकडून शिवून आणलेले सगळे काखेत काचतात बाई."

अवधूतला दहा महिन्यांनी नोकरी लागली, पण वीणाने मशीन काही बंद केलं नाही. दोन हजार तीनमध्ये तिने ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची मागची बाजू भाड्याने घेतली. एकटीला परवडेना म्हणून भागीदार शोधली. ती भागीदार जरमीना.

जरमीना पठाण. पाकिस्तानच्या सरहद्दीकडच्या वझिरिस्तानातली, लग्न होऊन पेशावरला आलेली आणि तिथून इथे. तिचा नवरा एअरपोर्टची गाडी चालवायचा. उंच, हाडापेराने रुंद, बोलायला फटकळ. सलवार-कमीज आणि कशिद्याचं काम तिचं, ब्लाऊज आणि फॉल-पिको वीणाचं. मशिनं दोन, कापायचं टेबल मात्र एकच. दोघींची भाषा हिंदी, वीणाची नागपुरी वळणाची आणि जरमीनाची पश्तू वळणाची. गिऱ्हाइकं म्हणायची, तुम्ही दोघी भांडताय की गप्पा मारताय तेच कळत नाही.

खरं भांडण एकदाच झालं, पहिल्याच वर्षी. जरमीनाने एका बाईंचा कमीज बेतून ठेवला होता आणि ती मुलाला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. वीणाने सहज पाहिलं तर मुंढा उथळ. बाई हात वर करेल तेव्हा काखेत काचणार. वीणाला राहवेना. तिने टाचण उसवली, कात्री घेतली, मुंढा अर्धा इंच खोल केला आणि परत टाचून ठेवला. कमीज सुरेख बसला. बाई खूश होऊन गेल्या. जरमीना चार दिवस एक शब्द बोलली नाही.

पाचव्या दिवशी ती सकाळी लवकर आली, शिंप्याच्या खडूने टेबलाच्या मधोमध एक रेघ ओढली आणि म्हणाली, "इस तरफ मेरा, उस तरफ तेरा. हाथ लगाना हो तो पूछ के."

"अगं, मैंने अच्छाही किया ना?"

"अच्छा किया. मगर मेरे पीछे किया."

दिवसभर कापडं सरकून ती रेघ पुसली जायची. जी आधी येईल ती दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढायची, देवापुढे दिवा लावावा तशी. पाच वर्षांत कधी चुकलं नाही. रागाची होती ती रेघ, पुढे नुसती सवय झाली. "हाथ लगाऊं?" असं एकीने म्हणायचं आणि "लगा," असं दुसरीने. इतकंच.

आता केदार.

केदारचं डोकं यंत्रात. पण ते पुस्तकातल्या यंत्रात नव्हे. शाळेत असताना त्याने वीणाचं ओव्हरलॉक मशीन उघडून परत जोडलं होतं. कॉलेजात दोन वर्षं कशीबशी काढली आणि एकोणीस वर्षांचा असताना एक दिवस येऊन सांगितलं, की तो अमेरिकेच्या सैन्यात भरती होतोय, हेलिकॉप्टरची इंजिनं शिकवणार आहेत. अवधूत आठ दिवस जेवायला त्याच्या समोर बसला नाही. वीणा रडली. मग बेसनाचे लाडू करून दिले.

दोन हजार सहाच्या जानेवारीत, मंडळाच्या हळदीकुंकवाला, उत्तराने चारचौघींत विचारलं, "केदार काय करतो गं? आमच्या यतीनला मेडिकलला ॲडमिशन मिळाली, सांगितलं ना मी?"

त्याच महिन्यात केदारची बदली जर्मनीतल्या तळावर झाली होती. वीणा म्हणाली, "जर्मनीत असतो. हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर काम करतो."

"म्हणजे एरोस्पेस!" उत्तरा म्हणाली.

वीणाने मसाला दुधाचा घोट घेतला. तो घोट गिळेपर्यंत केदार एरोस्पेस इंजिनिअर झाला होता. तिने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. खरं सांगायचं तर सैन्याची तिला तेवढी लाज नव्हती. आपल्या मुलाने कॉलेज सोडलं हे त्या हॉलमध्ये उच्चारायची होती. तिथे जमलेल्या सगळ्याजणींच्या घरी त्यापेक्षा काहीही चाललं असतं.

हेच तिने जरमीनालाही सांगितलं, कारण साडीच्या दुकानात पुढे बोललेलं मागे ऐकू येतं आणि मागचं पुढे. दोन हजार आठच्या जूनमध्ये केदार जर्मनीतून अफगाणिस्तानात गेला, पाकिस्तानच्या सरहद्दीजवळच्या कुठल्याशा तळावर. हेलिकॉप्टर उडालं की त्याला आत बसून बरोबर जावं लागे. वीणाने कुणालाच काही सांगितलं नाही. चिवड्याची पार्सलं टाकायला ती मुद्दाम गाडीने शेजारच्या गावातल्या पोस्टात जायची. केदार दर रविवारी सकाळी फोन करायचा, आणि सोमवारी दुकानात जरमीना विचारायची, "जर्मनीवाला ठीक है?" वीणा म्हणायची, "ठीक है." जरमीना म्हणायची, "शुक्र है."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी फोन आला नाही.

"लाइन नसेल मिळाली," अवधूत म्हणाला. वीणाही तेच म्हणाली. बुधवारी गणपती होते. तिने एकवीस मोदक केले, दीड दिवसाचा गणपती बसवला आणि गुरुवारी दुपारी घरातच मोठ्या बादलीत विसर्जन करून उशिराने दुकानात आली. जरमीनाला रोजे चालू होते, तेव्हा तिच्यासाठीचे मोदक डब्यात घालून आणले होते, सूर्यास्तानंतर खायला. पाहते तर जरमीना मशीन बंद करून, फोनचं कार्ड हातात धरून, पुन्हा पुन्हा तोच लांबलचक नंबर फिरवत होती.

"क्या हुआ?"

जरमीनाने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. बुधवारी पहाटे अमेरिकेचे सैनिक हेलिकॉप्टरमधून सरहद्द ओलांडून आले. वझिरिस्तानातल्या एका गावात उतरले. अतिरेक्यांना मारायला आले होते म्हणे. गावचे लोक म्हणतात बायका-मुलंही मेली. तिच्या मोठ्या बहिणीचं सासर त्या गावापासून दोन टेकड्या पलीकडे. फोन लागत नव्हता.

वीणा डबा हातात धरून उभी राहिली. जरमीनाच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या कानात अडकला होता, हेलिकॉप्टर.

शुक्रवारी दुपारी जरमीनाचा फोन लागला. बहीण सुखरूप होती, तिची माणसं सुखरूप होती, फक्त म्हैस दोरी तोडून पळाली होती. जरमीना फोन ठेवून हसायला लागली आणि हसता हसता रडली. "भैंस!" ती म्हणत होती. "दीदी रो रही है कि भैंस गई!" वीणाही हसली. मग जरमीनाने डोळे पुसले आणि दोन दिवसांचा साठलेला राग बाहेर काढला.

"दोस्त कहते हैं हमें. दोस्त के घर ऐसे आते हैं? छत से?"

पाकिस्तानच्या सरकारने अमेरिकेच्या राजदूताला बोलावून जाब विचारला होता, हे वीणाने अवधूतकडून ऐकलं होतं. अवधूत पेपर वाचताना म्हणाला होता, "सार्वभौमत्व म्हणे. मदत घेताना आठवत नाही. आणि ते अतिरेकी तिथे मजेत लपलेले असतात, ते बरं चालतं."

वीणाने तेच हिंदीत सांगितलं. खरं म्हणजे तिला सार्वभौमत्वाचं काही पडलं नव्हतं. ते लोक पलीकडून येऊन तिच्या मुलाच्या तळावर रॉकेटं टाकतात आणि पुन्हा पलीकडे जाऊन लपतात, हे केदारने दोन रविवारांपूर्वी सांगितलं होतं, तेवढंच तिच्या डोक्यात होतं. "तुम्हारी सरकार उनको पकडती नहीं, तो ये लोग क्या करें? बैठ के देखें?"

"मैं कब कहती हूं उनको मत पकडो?" जरमीना म्हणाली. "मेरे मामू को उन्हीं लोगों ने मारा. जिरगे में, कबीले की पंचायत में बैठे थे, बस इसलिए. मैं उनके लिए रोऊंगी?" तिने बोट टेबलावर ठेवलं, खडूच्या रेघेवर. "याद है? मुंढा मेरा गलत था. तूने ठीक किया. मैं चार दिन क्यूं नहीं बोली?"

"वो कपडे की बात थी."

"हां. कपडा तो दूसरा भी मिल जाता है."

वीणाने मान खाली घातली आणि बॉबिन भरायला घेतली. बॉबिन आधीच भरलेली होती.

रविवारी पुन्हा फोन आला नाही.

केदारच्या तुकडीतल्यांच्या घरच्यांसाठी एक बाई नेमलेली होती, तिला अवधूतने फोन केला. ती गोड आवाजात म्हणाली की तिला काही सांगता येत नाही. तिकडे कुणाचा जीव गेला तर त्याच्या घरी कळेपर्यंत तळावरचे सगळ्यांचे फोन बंद ठेवतात, हे वीणाला माहीत होतं. आणि घरी कळवायला गणवेशातले दोघेजण गाडीने दारात येतात, हेही. रविवारभर ती खिडकीतून रस्ता बघत राहिली. एक गाडी घरापुढे येऊन हळू झाली तेव्हा तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. पिझ्झावाला होता, शेजारच्यांचा.

"काही झालं असतं तर ते आले असते," अवधूत म्हणाला.

"आणि काही झालं नाही, पण तो तिथे गेला असेल तर?" वीणा म्हणाली. "त्या गावात?"

अवधूतला पटकन कळलं नाही. तो सुखरूप असेल एवढंच त्याला पुरेसं होतं. वीणाला वाटत होतं की आपल्यालाही पुरायला हवं. पण तिच्या डोळ्यांपुढे सारखी जरमीनाची बहीण यायची. तिने कधी न पाहिलेली, दावणीशी उभी, वर आभाळाकडे बघणारी. आणि वर हेलिकॉप्टरच्या दारात, हेल्मेट घातलेला, लहानपणी ओव्हरलॉक उघडून बसायचा तो.

सोमवारी ती कामावर गेली कारण घरात बसवेना. उत्तराचा ब्रोकेडचा ब्लाऊज मंगळवारी द्यायचा होता. उत्तराच्या भाचीचं लग्न होतं, कापड बनारसहून आणलेलं, जेमतेम मापाचं. वीणाने बाह्या कापल्या, बाजूला ठेवल्या, मग उचलून अंगाला लावून पाहिल्या आणि तशीच स्टुलावर बसली. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. बर्डीच्या क्लासात पहिल्या आठवड्यात मुली करतात ती चूक. तीस वर्षांत तिच्याकडून झाली नव्हती.

जरमीना मशीन थांबवून रेघेपर्यंत आली. "क्या हुआ है तुझे? चार दिन से देख रही हूं."

वीणा म्हणाली, "केदार जर्मनी में नहीं है."

मग तिने सगळं सांगितलं. भरती, हळदीकुंकू, एरोस्पेस, जून महिना, शेजारच्या गावातलं पोस्ट, दोन रविवार. पुढच्या दुकानात कुणीतरी पैठणीचा पदर उलगडून बघत होतं, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून ती दबक्या आवाजात बोलत होती. शेवटी म्हणाली, "मालूम नहीं वो उस दिन कहां था. मालूम नहीं."

जरमीना म्हणाली, "हर जुमे को मैं तेरे जर्मनीवाले के लिए दुआ मांगती हूं. जर्मनी का नाम ले के." आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मंडळ की औरतों से छुपाया, समझ सकती हूं. मुझ से क्यूं?"

जरमीनाने मशीनवर कव्हर घातलं, दुपट्टा घेतला आणि दुकान बंद व्हायला तीन तास असताना घरी निघून गेली.

मंगळवारी वीणा आली तेव्हा जरमीना आधीच आलेली होती. रेघ ओढलेली होती, खडू दोनदा फिरवून, जाड. मोदकांचा रिकामा डबा धुऊन-पुसून रेघेच्या अलीकडे ठेवलेला होता. दोघी कामाला बसल्या. मशिनं चालत होती, एकीचं थांबलं की दुसरीचं ऐकू यायचं. दोन डाव्या बाह्या टेबलाच्या कडेला तशाच पडल्या होत्या.

बाराच्या सुमारास वीणाच्या पर्समधला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, लांबच्या लांब. पर्स उघडताना तिच्या हाताला चेनच सापडेना.

"आई?"

"केदार! कुठे आहेस तू?"

"जर्मनी."

वीणाला वाटलं, आपल्याला भ्रम झालाय. "कुठे?"

"जर्मनी, आई. मिलिटरी हॉस्पिटल. फ्रीक आउट नको होऊस. किडनी स्टोन."

"काय?"

"स्टोन यार. काय म्हणतात मराठीत? गेल्याच्या गेल्या शनिवारी एकदम पेन सुरू झालं, आय थॉट आय वॉज डाइंग. तिथे ट्रीट करता येत नव्हतं, सो दे फ्लू मी हिअर. त्या रविवारी मी पेनकिलरवर फुल आउट होतो. मग बाबांना मेल केला ना मी. दोन केले."

"कुठल्या पत्त्यावर?"

"ऑफिसच्या."

"अरे गाढवा, ते ऑफिस सोडून त्यांना चार महिने झाले!"

"ओह शिट."

"मुतखडा," वीणा म्हणाली. "नक्की मुतखडाच ना? गोळीबिळी नाही ना काही?"

"फोर मिलिमीटर. बुलेट परवडली असती."

"मूर्खा, असं बोलू नकोस! पाणी पीत नसशील. लहानपणापासून सांगतेय, पाणी पी, पाणी पी. मुतखडा!" आणि मग तिचा आवाज फुटला. ती हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

जरमीना केव्हा उठून आली ते तिला कळलं नाही. पठाणी बाईचा रुंद हात रेघेवरून अलीकडे आला होता. "दे," ती म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदाच न विचारता. वीणाने फोन दिला.

"केदार? मैं जरमीना आंटी. कब से हो वहां?"

वीणाला पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जरमीना डाव्या हाताच्या बोटांवर मोजत होती. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आली आणि अंगठा दाबून थांबली. "बुध को जर्मनी में थे? बिस्तर पे? पक्का?" पुन्हा ऐकलं. मग तिने सोडलेला श्वास इतका मोठा होता की टेबलावरचा पेपरपॅटर्न हलला. "पानी पिया करो, बेटा," पहाटेपासून घोटभर पाणी न प्यालेली ती बाई म्हणाली आणि फोन परत दिला.

वीणाने फोन घेऊन मागच्या दाराशी जाऊन हळूच विचारलं, "तुझ्याबरोबरचे कुणी गेले होते का रे? त्या गावात?"

"आई," केदार म्हणाला, "ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. डोन्ट आस्क मी दॅट." मग लगेच, लहानपणीच्या आवाजात, "चिवडा पाठवशील? इथे. जर्मनीच्या ॲड्रेसवर."

अवधूतला फोन करून झाला. तो पाच मिनिटं स्वतःलाच शिव्या देत होता, जुन्या ऑफिसच्या पत्त्यावरून. मग वीणा पेढे आणायला गेली. संजयभाई आणि बाकीचा रस्ता, ते सुरुवातीला सांगितलंच.

परत आली तर उत्तरा येऊन बसली होती, ब्लाऊज न्यायला. वीणाने खोका पुढे केला.

"अय्या, कशाचे?"

"केदार जर्मनीत आहे."

"ते तर माहीतच आहे."

"नाही, आत्ता आहे. परवापरवापर्यंत नव्हता. अफगाणिस्तानात होता." वीणाला वाटलं होतं की हे सांगताना जीभ जड होईल, पण वाक्यं भराभर सुटत गेली. "सैन्यात आहे तो, उत्तरा. कॉलेज त्याने सोडलं, दुसऱ्याच वर्षी. इंजिनिअर-बिंजिनिअर कधी नव्हता. मुतखडा झालाय, म्हणून हॉस्पिटलात आहे. पेढा घे."

उत्तराने पेढा हातात धरून तिच्याकडे पाहिलं. मग जरमीनाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "अगं, मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "आमचा यतीन मेडिकल सोडून गिटार वाजवतोय मार्चपासून. कुणाकुणाला काय काय सांगते मी, माझं मला माहीत." तिने पेढा तोंडात टाकला. "ब्लाऊज झाला का?"

"नाही," वीणा म्हणाली. "दोन्ही बाह्या डाव्या कापल्या."

उत्तराचा पेढा घशात अडकला. तिला पाणी देऊन, उद्या सकाळपर्यंत काहीतरी करून देते म्हणून शब्द देऊन, वीणाने तिची बोळवण केली.

सात वाजून गेल्यावर, सूर्य मावळला तेव्हा, जरमीनाने रोजच्यासारखा खजूर तोंडात टाकला, पाण्याचा ग्लास एका दमात संपवला आणि खोका ओढून एक पेढा घेतला. हातातच धरून म्हणाली, "पथरी निकल गई, फिर कहां भेजेंगे? वहीं?"

"पंधरा दिन के बाद," वीणा म्हणाली. "शायद."

जरमीनाने मान हलवली. "फिर मैं किस जगह का नाम ले के दुआ मांगूं, वो हर जुमे से पहले बता देना. सच बताना."

"बताऊंगी."

"तो आज खा लेते हैं," जरमीना म्हणाली आणि पेढा अख्खाच्या अख्खा तोंडात घातला. चावून झाल्यावर तिने बोटं पुसली, टेबलाच्या कडेला पडलेल्या त्या दोन डाव्या बाह्यांकडे बघितलं. उरलेल्या ब्रोकेडची पट्टी उचलून दिव्याखाली धरावी असं तिच्या मनात आलेलं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण हात रेघेपाशी थांबला.

"बगल में इस पट्टी का जोड लग सकता है. हाथ लगाऊं?"

वीणाने बाह्या उचलल्या आणि स्वतःच पलीकडे सरकवल्या. "लगा," ती म्हणाली.

पुसट झालेल्या खडूची थोडी भुकटी ब्रोकेडला लागली. जरमीनाने ती झटकली आणि कात्री घेतली.